एरंडोलच्या घरातली फुगलेली भिंत: पुट्टी लावू की नको?

मंडळी, नमस्कार.

सात वर्षांनी या श्रावणात आम्ही दोघं कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, एरंडोलला जाणार आहोत. त्याआधी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी महिनाभर माहेरी पारोळ्याला आहे. तेवढ्यात सासरच्या बैठकीची भिंत स्वतःच्या हातांनी गुळगुळीत करून ठेवायची असं मनात आहे. कानबाईचा चौरंग त्याच भिंतीला लागतो, आणि सासूबाईंना ती भिंत या अवस्थेत बघवत नाही.

धाकट्या दिराने फोटो पाठवलेत. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत रंग फुगून पोपडे सुटलेत, त्याखाली पांढरी भुकटी दिसते. वरचा भाग खडबडीत आहे. जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, वायरिंगसाठी खोदलेले चर कसेबसे बुजवलेत. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली आहे.

इथे ओहायोत आमच्या तळघरातल्या खोलीला मी स्वतः टेप लावली, जॉइंट कंपाउंडचे तीन हात दिले, घासलं आणि रंगवलं. म्हणजे पत्रा हातात धरायची सवय आहे. प्रश्न असे: इथलं कंपाउंड सामानात न्यावं का? की तिकडे मिळणारी पुट्टीच बरी? आणि एकटीने बारा बाय दहाची भिंत किती दिवसांत होईल?

— एरंडोलची सून

---

ताई,

कंपाउंड नेऊ नका. ते जिप्सम बोर्डासाठी, कोरड्या खोलीसाठी असतं. वाळल्यावरही पाणी लागलं की मऊ पडतं. तुमच्या भिंतीत ओल दिसते आहे.

जाता जाता इथल्या, अमेरिकेतल्या, जुन्या घरांबद्दल: घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासण्याआधी तपासून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

बाकी नाना सांगतील. त्यांनी धुळ्यात आणि शिरपुरात आयुष्यभर बांधकामंच केली.

— धुळ्याचा भाऊ

---

बेटा,

तुझा मेल दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. तू आधी पुट्टीचं विचारलंस, मी आधी भिंतीचं विचारतो. ती भिंत कशाची आहे? तुमचं घर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, आहे असं तू मागे एकदा लिहिलं होतंस. मग खालची भिंत मातीची किंवा मातीत रचलेल्या विटांची असणार, आणि वर कधीतरी कोणी सिमेंटचा गिलावा चढवला असणार. फोटोतला फरक मला तसाच वाटतो. दिराला सांग, कोपऱ्यात कुठेतरी लोखंडी खिळ्याने अर्धा इंच खरवडून बघ. माती निघते, चुना निघतो की राखाडी सिमेंट, ते लगेच कळेल. मग बोटाच्या पेराने सगळ्या भिंतीवर टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे गिलावा सुटलेला आहे. सुटलेल्या गिलाव्यावर कितीही महाग पुट्टी लावली तरी ती त्याच्यासकट खाली येते.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं किंवा विटेतलं मीठ पाण्यात विरघळून भिंतीत चढतं. पाणी पृष्ठभागावरून उडून जातं, मीठ तिथेच साचतं, आणि त्याचे खडे वाढले की रंग आणि गिलावा ढकलून पाडतात. म्हणून लोणा पाण्याने धुवायचा नाही. धुतला की मीठ परत आत जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येतं. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद अंथरून तो गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा.

पण झाडणं नंतरचं. आधी पाणी शोधायचं. माझे वडील हेच म्हणायचे: "पानी कोठून ई ऱ्हायनं, ते पहिले देख." त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? मोरी असेल तर तिचा पाइप बघा. बाहेरचा ओटा किंवा गल्लीतला रस्ता काँक्रीट करून उंच झालाय का, धाब्याच्या पन्हाळ्याचं पाणी भिंतीच्या पायात पडतं का, तेही बघा. आमच्याकडे गल्ल्यांचे रस्ते थरावर थर चढून घराच्या जोत्यापेक्षा वर गेलेत, आणि पावसाचं पाणी सरळ भिंतीला लागतं. हे दुरुस्त होईपर्यंत खालच्या तीन फुटांना हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

एक सोपी परीक्षा आहे. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा घे, चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटव आणि एक दिवस ठेव. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की थेंब दिसले तर ते बहुतेक आतलेच.

आता भेग. आपल्या खान्देशातली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतातल्या भेगांत आपण लहानपणी हात घालायचो ना, तीच जमीन घराच्या पायाखालीही असते. त्यामुळे भिंतीतली भेग मे महिन्यात रुंद दिसते आणि ऑगस्टमध्ये मिटते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण कर आणि तारीख लिही. दोन ऋतूंत ती पुढे सरकली नाही तरच तिला कायमचं बुजवायचं. सरकत असेल तर कडक सिमेंट भरून उपयोग नाही, लवचीक ॲक्रिलिक फिलर भरावा. आणि ती सरळ आरपार गेली असेल तर जाणकाराला पाया दाखवावा.

खालचा भाग मातीचा निघाला तर माझं ऐक, त्यावर सिमेंट नको आणि सिमेंटची पुट्टीही नको. मी स्वतः धुळ्याच्या जुन्या घरात हट्टाने मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. दोन पावसाळे गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात हातभर जाडीचे नव्हे, पण हातभर लांबीचे पापुद्रे उभेच्या उभे निघाले. त्यांच्यामागे माती भिजून पिठासारखी झाली होती. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. तिला मातीचाच गिलावा हवा: चाळलेली माती, बारीक भुसा, थोडं शेण, पाण्यात चार-पाच दिवस मुरवून रोज पायाने तुडवलेलं. तो वाळला की वर चुन्याचे दोन-तीन पातळ हात. चुना भिजवलेलाच विकत घे, कळीचा चुना घरी भिजवू नकोस. तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. हातमोजे आणि चष्मा लागतीलच.

वरचा सिमेंटचा भाग मात्र तू पुट्टीने करू शकतेस. सैल रंग आणि चुना पत्र्याने खरवडून काढ. चुन्याच्या भुकटीवर पुट्टी धरत नाही. मोठे खड्डे आणि वायरिंगचे चर आधी वाळू-सिमेंटने भर आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मार. पुट्टी खड्डे भरायला नसते. तिचे दोन्ही हात मिळून जाडी जेमतेम दीड मिलिमीटर व्हावी. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर एक किलोला साधारण 350 ते 400 मिलिलिटर पाणी. पाण्यात पुट्टी टाकायची, पुट्टीत पाणी नाही, नाहीतर गाठी राहतात. दहा मिनिटं ठेवून पुन्हा घोटायची. दोन-एक तासांत संपेल एवढीच कालवायची, आणि घट्ट झाली तर पाणी घालून परत सैल करायची नाही.

एप्रिल-मेचं ऊन लक्षात ठेव. पारा 43-44 वर जातो. कोरड्या तापलेल्या भिंतीवर पुट्टी लावली तर भिंत तिचं पाणी शोषून घेते आणि ती पिठासारखी सुटते. आधी भिंतीवर पाणी शिंपड, ओघळ थांबले की लाव. सकाळी सहा ते दहा एवढंच काम, खिडक्या लोटून, पंखा बंद. पहिला हात खालून वर, दुसरा दुसऱ्या दिवशी आडवा. घासण्याआधी रात्री दिवे मालवून बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धर. दिवसा न दिसणारी प्रत्येक उंची आणि खळगा सावलीसकट दिसतो, तिथे पेन्सिलची खूण कर. घासताना साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लाव.

एकटीने वरचा भाग आठ-दहा दिवस, खड्ड्यांचं पाणी मारणं धरून दोन आठवडे. मातीचं काम एकटीने करू नकोस. गावात मातीकाम येणारे म्हातारे गवंडी अजून असतील, त्यांना बोलव, पैसे दे, आणि शेजारी उभं राहून शिकून घे.

— नाना

---

नाना, आणि सगळ्यांना,

परवा परत आले. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खालचे तीन फूट मातीचे, वर सिमेंट. प्लास्टिकच्या आत थेंब आले. मोरीचा सांधा फुटलेला होता, पाणी कित्येक महिने भिंतीत मुरत होतं. तो बदलला, बाहेर पन्हाळ्याला पाइप जोडून पाणी लांब सोडलं. एवढ्यातच सहा दिवस गेले, आणि सुरुवातीला मला ते वाया गेल्यासारखे वाटत होते.

खरवडताना हिरव्या डिस्टेंपरखाली नीळ घातलेला चुना लागला. सासूबाई पदराने तो पुसत बसल्या. त्यांच्या लग्नात हाच रंग होता म्हणाल्या. कानबाईआधी दरवर्षी पांढऱ्या मातीचा हात कसा द्यायच्या तेही त्यांनी दाखवलं. भुसा किती घालायचा हे त्यांना गवंड्यापेक्षा नीट ठाऊक होतं. मातीचा गिलावा त्यांच्या देखरेखीखाली आम्ही तिघांनी केला: गवंडीबाबा, दीर आणि मी.

वरची पुट्टी मी केली. बॅटरीने पाहिलं तर खिडकीजवळ एक फुगवटा राहिलाच होता, तो पुन्हा घासला. भेगेला फक्त खुणा करून ठेवल्यात.

खालच्या भागाला चुन्याचा एकच हात देता आला. माती पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये असं गवंडीबाबा म्हणाले, आणि माझी सुट्टी संपली. या वर्षी कानबाई एकाच हाताच्या चुन्यासमोर बसेल. दुसरा हात दीर दिवाळीला देईल म्हणतो. तेवढं थांबलं तर चालेल ना?

— एरंडोलची सून

---

चालेल बेटा. पावसाळाभर त्या भिंतीला कपाट टेकवू नका, हवा लागू द्या. आणि दिवाळीआधी दिराला प्लास्टिकचा तुकडा पुन्हा एकदा चिकटवून बघायला सांग.

— नाना