मदत हवी आहे: मिरगीचा पेशंट, रात्री झोप नाही, झोपेची कोणती गोळी चालेल?

घाटंजीकर:
पुतण्याला मिरगी आहे, गोळी चालू आहे. रात्री झोप लागत नाही, दिवसभर पेंगतो आणि आता झटके पुन्हा सुरू झालेत. मेडिकलवाला अल्प्राझोलाम देतो म्हणतो. देऊ का? की दुसरी चांगली आहे? लवकर सांगा, आजच आणायची आहे.

सिस्टर_वर्धा:
आज काहीच आणू नका. वय किती? कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता? झटके झोपेत येतात की उठल्यावर? नुसतं "गोळी चालू आहे" यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही.

कापूसवाला:
खोबरेल तेलात कापूर विरघळवून रात्री टाळूला आणि तळपायाला चोळा. लगेच डोळा लागतो. गोळ्यांच्या नादी लागू नका.

फार्मसी_पुसद:
कापूसवाला भाऊ, मिरगीवाल्याला कापूर अजिबात नको. कापूर आणि निलगिरीचं तेल चोळलं किंवा हुंगलं तरी झटका येऊ शकतो. सर्दीचा बाम, डोक्याचं थंड तेल, सगळ्यांवर घटक छापलेले असतात, वाचून घ्या.
अल्प्राझोलामने झोप येते, पण काही आठवडे घेऊन एकाएकी थांबवली तर त्या थांबवण्यानेच झटके येतात. आणि गावच्या दुकानात गोळी संपायला वेळ लागत नाही. लोक झोपेसाठी एव्हिल (ॲलर्जीची गोळी) घेतात, तीही नको. मिरगीत ती झटक्याला वाट करून देते.

घाटंजीकर:
वय १८. कार्बामाझेपिन २००, सकाळ-संध्याकाळ. झोपेचं विचारलं आहे, बाकी कशाला लागतं?

सिस्टर_वर्धा:
लागतं म्हणूनच विचारते, काका. सकाळी जीभ चावलेली, अंथरूण ओलं, अंग ठेचल्यासारखं दुखतंय, असं असतं का? तसं असेल तर झटका झोपेतच येऊन जातो आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. घोरतो का, घोरता घोरता श्वास अडकतो का? संध्याकाळची गोळी नेमकी किती वाजता?

घाटंजीकर:
जीभ नाही, घोरणं नाही. पडून झटका या महिन्यात दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी. एरवी सकाळी हात उडतात. चहाचा कप हातून सुटतो, दात घासताना ब्रश फेकला जातो. आम्ही ती कमजोरी धरतो. संध्याकाळची गोळी जागलीला (रात्री शेत राखायला) जायच्या आधी, जेवून. कधी राहते.

सिस्टर_वर्धा:
जागलीला जातो? हे पहिल्याच ओळीत हवं होतं. आठवड्यातून किती रात्री?

घाटंजीकर:
चार-पाच. हरभऱ्यात रोही (नीलगायी) आणि डुकरं घुसतात, घरात दुसरं जाणारं कोणी नाही. रात्रीची लाइन (वीज) असली की ओलीतही, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं कामही, तोच करतो. म्हणून तर घरी असतो त्या रात्री तरी झोप लागावी, एवढंच विचारतोय.

ओपीडी_नागपूर:
कप उडणं ही कमजोरी नाही, तोही झटकाच आहे. साधारण १२ ते १८ वयात सुरू होणारी मिरगीची एक जात आहे, जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. उठल्यावर पहिल्या अर्ध्या-एक तासात खांदे-हात उडतात, शुद्ध असते, आणि एखाद्या सकाळी तेच वाढत जाऊन पूर्ण झटका येतो. तिला सगळ्यात जास्त चिथावतं ते जागरण, त्यातही जागरण करून मोडलेली झोप. दुपारी झोपून उठल्यावरही हात उडू शकतात.
दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या जातीत कार्बामाझेपिनने हात उडणं वाढू शकतं. घरच्यांनी फक्त "पडून झटका येतो" एवढंच सांगितलं तर ती गोळी लिहिली जाणं साहजिक आहे. म्हणून डॉक्टरांना याच शब्दांत सांगा: सकाळी हात उडतात, कप पडतो, जागरणाच्या दुसऱ्या दिवशी जास्त. निदान तेच करतील, धाग्यावरून होत नाही.
आणि हे वाचून गोळी बंद करू नका. एकदम सोडली तर झटक्यामागून झटका लागू शकतो, त्यात जीवही जाऊ शकतो. संध्याकाळची राहिली तर आठवल्याबरोबर घ्या. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा, दोन एकत्र देऊ नका. दोन गोळ्यांत १२ तासांचं अंतर ठेवा, सकाळी ८ आणि रात्री ८ असं.

यवतमाळची_ताई:
मग व्हॅल्प्रोएट सुरू करा ना. या जातीत तीच चालते, हात उडणं थांबतं.

ओपीडी_नागपूर:
ताई, चालते हे खरं, पण ती परस्पर सुरू करायची गोळी नाही. लिव्हर बघावं लागतं, वजन वाढतं, हात कापतो. मुलींना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायांना तर गर्भाला धोका म्हणून शक्यतो टाळतात. लेव्हेटिरासेटॅमचाही पर्याय आहे, तिने काहींची चिडचिड वाढते. कोणतीही निवडली तरी नवी चढवत आणि जुनी उतरवत जातात, आणि ते वेळापत्रक कागदावर लिहून घ्यायचं.

बोरी_फाटा:
पत्ताकोबी बंद करा. त्यातला किडा डोक्यात जातो, त्यानेच मिरगी होते.

सिस्टर_वर्धा:
तो किडा कोबीत जन्मत नाही. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्या-मातीतून कोणत्याही कच्च्या भाजीवर येतात. भाजी धुवा, हात धुवा, एवढंच. तो प्रकार सीटी-एमआरआयमध्ये दिसतो. इथे प्रश्न जागरणाचा आहे.

कास्तकार_दारव्हा:
सगळे गोळ्यांवरच बोलून राहिले. पोट्ट्याले जागलीतून काढा न भाऊ! झटका मशीन बसवा, कुंपणाच्या तारेत थोडा थोडा करंट सोडते ती. १२ व्होल्टची बॅटरी, वर सोलर प्लेट, शेताभोवती तार. मग काहून कोणाले जागावं लागते?

संत्रेवाला_वरुड:
तार बांधून काम भागत नाही. डुक्कर खालून घुसतं, सगळ्यात खालची तार जमिनीपासून सहा ते आठ इंचांवरच हवी. रोह्यासाठी वर आणखी दोन-तीन. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि जनावराला काहीच लागत नाही, म्हणजे धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत सतत कापत राहा. काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंगही मरतं.

कास्तकार_दारव्हा:
मरते, पण अर्थिंगचा गज ओलिताच्या दांडाजवळ ठोकायचा, माती भेगाळली की बादलीभर पाणी टाकायचं. मशीन सेकंदाला साधारण एक ठोका देते, म्हणून जनावर पळते, मरत नाही. घरच्या लाइनचा डायरेक्ट करंट तारेत सोडू नका, त्यात माणसं मेली आहेत आणि गुन्हा दाखल होतो. ओलिताले सौर पंप घ्या, शासनाच्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीले ५. दिवसाच पाणी फिरते.

ओपीडी_नागपूर:
यात पोराला जागलीतून काढण्याचा मुद्दा एकदम बरोबर आहे. तार लागेपर्यंत हेही पाळा: मचाणावर चढू देऊ नका. विहिरीच्या काठावर, मोटरच्या पेटीजवळ एकटा नको. उठल्यावर पहिला तासभर गरम चहा, चूल नाही, आणि झटके येतात तोवर दुचाकी कधीच नाही. झोपायची आणि उठायची वेळ रोज एकच, संध्याकाळी ५ नंतर चहा नाही. दारूच्या झोपेनंतर सकाळी झटका येतो, त्यामुळे तीही नाही.

घाटंजीकर:
जागलीला आता दुसरा माणूस लावतो, मशीनचं नंतर बघू. दाखवायला कुठे जाऊ? आणि झटका आला तर कांदा हुंगवायचा की नाही?

सिस्टर_वर्धा:
कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला, तर १०८. मोबाइलमध्ये पूर्ण अंग दिसेल असा व्हिडिओ घ्या, मध्ये त्याला नावाने हाक मारा म्हणजे शुद्ध आहे का कळेल. सकाळच्या हात उडण्याचाही घ्या, डॉक्टरांना तोच जास्त कामाचा.
यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मेडिसिनची ओपीडी आहे, न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचा डॉक्टर) हवा असेल तर नागपूरचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल. जुनी चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं, आणि एक वही न्या: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, गोळी किती वाजता, हात किती वेळा उडले.

घाटंजीकर:
सोमवारी यवतमाळला जातो. मागच्या वेळी ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी) नॉर्मल आली होती, पुन्हा काढावी लागेल का?

ओपीडी_नागपूर:
नॉर्मल आली तरी मिरगी नाही असं होत नाही. डॉक्टर जागरण करून काढायला सांगू शकतात, त्या एका रात्रीचं जागरण त्यांच्या सांगण्यावरूनच. गोळी त्यांनी सांगितल्याशिवाय चुकवू नका, जेवून न्या, दुचाकीवर नको, एसटीने कोणी तरी सोबत असू द्या. आदल्या दिवशी डोकं शॅम्पूने धुवा, तेलाचा थेंबही नको, नाही तर तारा टाळूला नीट चिकटत नाहीत.