बाबांच्या पॅनवर भलत्यानेच कर्ज काढलंय. पॅन नंबर बदलून मिळतो का?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या महिन्यापासून त्यांना वसुलीचे फोन येताहेत. एका लोन अ‍ॅपवरून त्यांनी ३८,००० रुपये उचललेत आणि तीन हप्ते थकवलेत म्हणे. बाबांनी शिक्षकांच्या पतपेढीतूनसुद्धा कधी कर्ज घेतलं नाही.

क्रेडिट रिपोर्ट काढला तर कर्ज खरंच दिसतंय. नाव, जन्मतारीख, पॅन बाबांचं. मोबाइल दोन आहेत, त्यातला एक आमच्या ओळखीचाच नाही. पत्ता तर पार दुसऱ्या जिल्ह्यातला. संशय एकाच गोष्टीवर आहे. नोव्हेंबरात ‘हयातीचा दाखला घरबसल्या करून देतो’ असा फोन आला होता आणि बाबांनी पॅन-आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. ओटीपी दिला नाही असं ते सांगतात.

पैशांपेक्षा मला बाबांची काळजी वाटते. फोन वाजला की उठून आतल्या खोलीत जातात. आईला सांगू नकोस म्हणतात. आणि रोज एकच धोशा, “तो नंबर आता खराब झाला, मला नवा काढून दे.” नवा नंबर मिळाला की जुना आपोआप बंद होईल आणि त्याच्याबरोबर हे कर्जही जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलंय.

असा नवा पॅन मिळतो का? आधारचं काय? आणि वसुलीवाला ‘निम्मे भरा, प्रकरण मिटवतो’ म्हणतोय, तर भरून मोकळं व्हावं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी शेवटचं: एक रुपयाही भरू नका. भरलं की कर्ज तुमचंच होतं असा अर्थ निघतो, आणि रिपोर्टवर ‘सेटल्ड’ (म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं) हा शेरा राहतो.

पॅन बदलत नाही. एका माणसाला एकच, आणि दुसरा बाळगला तर १०,००० रुपये दंड. रिप्रिंट मागवलं तरी कार्ड नवं येतं, नंबर तोच. समजा बदलला असता, तरी कर्ज नाव आणि जन्मतारखेवरून मागे आलंच असतं. त्यामुळे नंबर राहू द्या, कर्ज त्यावरून काढायचं आहे. माझ्या भावाच्या वेळी आम्ही हे समजण्यातच दीड महिना घालवला.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, फोनवर बोलू नका. मागायचं ते एवढंच: कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं, अर्जावेळचा फोटो, आणि पैसे कुठल्या खात्यात गेले. हे शेवटचं फार महत्त्वाचं. डिजिटल कर्जाची रक्कम, थोडे अपवाद सोडले तर, कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खातं बाबांचं नसेल तर उत्तर कंपनीने द्यायचं.

त्याच दिवशी क्रेडिट ब्युरोकडे (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवून हे रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या) डिस्प्यूट, म्हणजे ‘हे कर्ज माझं नाही’ अशी हरकत, टाका. ब्युरो चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही बघा. एकात नसलेलं दुसऱ्यात सापडतं. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल.

सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करा (हेल्पलाइन १९३०) आणि पोचपावती प्रत्येक ईमेलला जोडा. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

आधार नंबरही बदलून मिळत नाही, पण बायोमेट्रिक लॉक करता येतं. ते आजच करा आणि गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची नोंद बघा. पुढे कुणाला द्यायचंच झालं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. वेळा लिहून ठेवा. आणि बाबांचा फोन काही दिवस तुमच्याकडे घ्या.

धागाकर्ती

खूप आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ‘थोडे अपवाद सोडले तर’पाशी थांबवून पुन्हा वाचायला लावला. ईमेल, डिस्प्यूट, पोर्टलवरची तक्रार, तिन्ही झालं.

आज कंपनीचं उत्तर आलं. अर्जावरचा फोटो बाबांचा नाही, तिशीतल्या कुणा माणसाचा आहे. खात्याचे शेवटचे चार अंकही जुळत नाहीत. बाबा तो फोटो बराच वेळ बघत बसले, मग स्वतःच आईला हाक मारून दाखवला.

आता एकच विचारायचं आहे. हे कागद पोलिसांना द्यायला ईमेलची प्रिंट चालते, की कंपनीकडून सही-शिक्क्याची प्रत मागवू?