'लिंब डिफरन्स'ला मराठीत काय म्हणावं?

होटगीरोड: माझ्या मुलीला जन्मापासून डाव्या कोपराखाली हात नाही. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. 'लिंब डिफरन्स', म्हणजे हात किंवा पाय नसणं वा वेगळा असणं, या शब्दापाशी अडलेय. 'अपंग' लिहावंसं वाटत नाही. वेणी घालणं वगळता ती सगळं स्वतः करते. 'अवयवभिन्नता' वाचून सासूबाई म्हणाल्या, म्हणजे काय गं?

धातुपाठ: 'व्यंग' घ्या. वि अधिक अंग, अर्थ स्वच्छ आहे. 'अपंग' तर मुळातच चूक. अप अधिक अंग म्हणजे 'अपांग', आणि संस्कृतात अपांग म्हणजे डोळ्याचा कोपरा.

जुनीमिल: संधी बरोबर असेल, पण 'मुलीत काही व्यंग नाही ना' हे स्थळं बघताना ऐकलेलं आहे. तो शब्द आईबापांपुढे ठेवू नका. 'दिव्यांग' सरकारी कागदावर ठीक, घरात कोण म्हणतं? आमच्या चाळीत यंत्रमागावर हात गेलेल्याला थोटा म्हणायचे.

शेळगीकर: म्हणायचे, पण त्याच्यामागे. माझ्या चुलत्यांचा हात मनगटापासून गेला होता. मिळालेला कृत्रिम हात ते लग्नकार्यातच घालायचे. हाताच्या उरलेल्या भागाने कापड दाबून धरता येतं, गरम-गार कळतं. त्यावर कृत्रिम हाताची खोबण, सॉकेट, चढवलं की ते कळणं गेलं. त्यात सोलापूरचा मे महिना, घामाने कातडी सोलून निघायची. लोक म्हणायचे, फुकट मिळालाय तर वापरत का नाही? त्यांना उघडा हात बघवत नव्हता, एवढंच.

होटगीरोड: काका, हे पत्रकात घेऊ का? आमच्याकडेही फोटोपुरता तरी हात घाल म्हणतात. ती वाढतेय तसा तो बदलत राहावा लागणार, आणि ती शाळेतून आली की आधी तो काढते. मी आता आग्रह सोडलाय.

शेळगीकर: जरूर घ्या.

जुनीमिल: पायाचं मात्र वेगळं. शेजारचे एक जण जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून मंडईत भाजी विकतात. 1968च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठींनी तो घडवला, तो उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. सगळ्यांनाच 'घालू नका' सांगू नये.

होटगीरोड: तसं सांगतच नाहीये. ज्याचं अंग, त्याने ठरवावं.

धातुपाठ: 'जयपूर फूट' म्हणजे फक्त पाऊल. अख्ख्या पायाला ते नाव देणं ही ढिलाई आहे.

शेळगीकर: ढिलाई कसली? पायात काटा रुततो तो तळव्यात, आणि पाय मोडतो तो मांडीतही. मराठीत दोन्ही पायच.

धातुपाठ: मग 'पाऊलवाट' का म्हणतो आपण? 'पायवाट' पुरेसं नव्हतं?

जुनीमिल: दोन्ही म्हणतो की!