'आर्टिरियल लाइन'ला मराठीत काय म्हणावं?

मैत्रेयी
एका रुग्णालयाच्या आयसीयूची संमतिपत्रं मराठीत करते आहे. व्हेंटिलेटर, कॅथेटर हे शब्द तसेच ठेवले, पण 'आर्टिरियल लाइन'पाशी अडले. मी 'धमनीमार्गिका' लिहिलं होतं. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून 'रोहिणीनलिका' केलं. तिथल्या सिस्टरांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, रात्री दोन वाजता हे नातेवाइकांना कोण समजावणार?"

मनगटाशी बोटाला ठोका लागतो त्या रक्तवाहिनीत बारीक नळी बसवतात. तिच्यामुळे मॉनिटरवर दर ठोक्याचा रक्तदाब दिसतो, शिवाय रक्तातला ऑक्सिजन तपासायला सारखं टोचावं लागत नाही. पुढे धोकेही लिहायचे आहेत: रक्तस्राव, रक्ताची गुठळी, संसर्ग, क्वचित बोटांचा रक्तपुरवठा तुटणं. परवापर्यंत द्यायचं आहे. नाव सुचवा.

बकुळफूल
रोहिणीच. आमच्या शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला होत्या. रोहित म्हणजे तांबडा. आकृतीत एकीची रेघ लाल, दुसरीची निळी, म्हणजे रंग नावातच आला. असा शब्द घरात असताना हिंदीतून धमनी कशाला आणायची?

जुनी पोथी
धमनी हिंदीतून आलेली नाही हो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० सिरा आणि २४ धमन्या सांगितल्या आहेत. सिरा, धमनी आणि स्रोतस एकच मानावीत असं म्हणणारे तेव्हाही होते आणि सुश्रुतानं त्यांचं म्हणणं खोडून काढलंय. म्हणजे आपण इथे भांडतोय ते भांडण तेवढं जुनं आहे. धातू 'ध्मा', फुंकणे. शंख फुंकणं, भाता मारणं, सगळं त्यातलंच. आणि गंमत बघा, 'आर्टरी'चं मूळ असलेला ग्रीक शब्द आधी श्वासनळीसाठी होता. मृतदेहात या वाहिन्या रिकाम्या सापडत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असा तिकडे समज होता. दोन्ही भाषांना या नळीत वाराच दिसला! मला हे फार सुंदर वाटतं.

भूलतज्ज्ञ
बकुळफूलताई, हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी आकृतीत निळी असते, कारण तिच्यातलं रक्त 'अशुद्ध' असतं. रंगावर नाव ठेवलं की तिथे पंचाईत होते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, एवढी एकच व्याख्या टिकते.

रात्रपाळी
मी १४ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. आम्ही 'आर्ट लाइन' म्हणतो. मैत्रेयीताई, मार्गिका नको. मार्ग म्हटलं की त्यातून काहीतरी आत जायचं असं वाटतं. व्हिगोतून, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीतून, औषध जातं, आर्ट लाइनमधून कधीच द्यायचं नाही. चुकून दिलं गेलं तर धमनी आक्रसते, पुढचं रक्त अडतं, बोटं काळी पडतात, कापायची वेळ येऊ शकते. म्हणून तिला लाल खूण लावतो आणि नवीन मुलींना पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

बकुळफूल
लाल खूण! मग मी काय म्हणत होते?

मुक्काम पोस्ट
माझे वडील आयसीयूत होते. "आर्टरीत लाइन टाकतोय, सही करा." केली. मला वाटलं, आणखी एक सलाइन. संध्याकाळी दादांना थंडी वाजायला लागली म्हणून आत्यानं हातावर शाल घातली. नळीचा जोड सुटला होता आणि ते शालीखाली कुणाला दिसलंच नाही. मॉनिटर वाजला, सिस्टर धावल्या, थोडक्यात निभावलं. शाल भिजून जड झाली होती. ते वजन अजून हातात आहे. हात झाकू नका, एवढं एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा रोहिणी की धमनी ते तुम्ही ठरवा. मी 'नाडीतली नळी' म्हणेन. नाडी बघणं माझ्या आत्यालाही कळतं.

रात्रपाळी
दादा, हे वाचून पोटात तुटलं. शिरेतून रक्त ओघळतं, धमनीतून ते दाबानं येतं. म्हणूनच तो हात आम्ही उघडा ठेवायला सांगतो. 'नाडीतली नळी' मला पटलं. कधी मांडीतही घालतात, पण नाडी तिथेही लागतेच.

जुनी पोथी
पण नाडी म्हणजेच नळी! मूळ 'नड', पोकळ बोरू. नळ त्याचाच भाऊ. 'नाडीतली नळी' म्हणजे नळीतली नळी झाली.

बकुळफूल
आणि लेंग्याची नाडी? ती तर पोकळ नसते.

भूलतज्ज्ञ
नळीतली नळी हे वर्णन शब्दशः बरोबर आहे. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या स्टीफन हेल्सच्या प्रयोगात हेच होतं: घोडीच्या धमनीत पितळी नळी, तिला जोडलेली उभी काचनळी, आणि रक्त चढलं ८ फूट ३ इंच. आज काचनळीच्या जागी ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजून मॉनिटरला कळवणारा संवेदक, आहे. तो हृदयाच्या पातळीत ठेवावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. दंडाचा पट्टा फुगून उतरेपर्यंत दाब कोसळलेला असू शकतो, ही नळी तो त्याच क्षणी दाखवते. म्हणून नावात 'रक्तदाब' हवा. 'रक्तदाब-नळी' कसं वाटतं?

मैत्रेयी
रक्तनमुने घ्यायचं काम त्यात येत नाही ना पण.

वऱ्हाडकर
जरा वेगळं विचारतो. आमच्याकडे बैलांच्या हलक्या गाडीला दमणी म्हणत, काही म्हातारी माणसं धमणी म्हणायची. तिचा या धमनीशी, भात्याशी काही संबंध?

जुनी पोथी
मला नाही वाटत. संस्कृतात 'दम्य' म्हणजे जुवाला लावण्याजोगा झालेला गोऱ्हा. मी दमणी तिकडूनच आणीन. पण बैलांच्या धापा टाकण्यावरून धमणी म्हणणारेही भेटतील.

वऱ्हाडकर
आमच्या दमणीचे बैल धापा टाकत नसत. आजी लग्नाला निघाली की आत गादी घालायचे, वर तट्ट्या, आणि बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. त्या तट्ट्यालाही एक वेगळा शब्द होता, कुणाला आठवतोय का?