‘आयोटा’, ‘मॉडिकम’, ‘ट्रेस’: यांतले सर्वांत कमी कोणते?

प्रश्न:
इंग्रजी लेख वाचताना ‘श्रेड’, ‘आयोटा’, ‘मॉडिकम’, ‘ट्रेस’ हे शब्द वारंवार भेटतात आणि शब्दकोश त्या सर्वांपुढे ‘अल्प अंश’ एवढेच देतो. त्यांचा लहानमोठा क्रम कसा लावावा, आणि एकाच्या जागी दुसरा चालतो का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
क्रम लावण्याच्या फंदात पडू नये, कारण यांतील बहुतेक शब्द माप सांगतच नाहीत. ‘आयोटा’ हे ग्रीक लिपीतील सर्वांत लहान अक्षराचे नाव; आज मात्र तो आणि ‘श्रेड’ हे दोन्ही शब्द मुख्यतः नकारार्थी वाक्यांत येतात. ‘नॉट अ श्रेड ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे थोडा पुरावा नव्हे, तर पुरावा अजिबात नाही. आपला ‘तसूभर’ही ‘तसूभरही हटला नाही’ अशा नकारातच शोभतो. तसू किती लांब, हे तेव्हा कोणी विचारत नाही. ‘मॉडिकम’ मात्र होकारात वावरतो आणि बहुधा सभ्यता, शहाणपण, यश अशा हव्याशा गोष्टींशी जोडला जातो; ‘अ मॉडिकम ऑफ कॉमन सेन्स’ म्हणणाऱ्याला निदान तेवढी तरी अक्कल अपेक्षित असते. म्हणून अदलाबदल केल्यास वाक्य व्याकरणात बसले तरी कानाला खटकते.

प्रतिसाद २:
माझ्या मते याहून मोठा घोटाळा ‘अ’ या एका अक्षराने होतो. ‘लिटल होप’ म्हणजे आशा जवळजवळ नाहीच. ‘अ लिटल होप’ म्हणजे थोडीशी का होईना, आहे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतही हाच भेद असून ‘क्वाइट अ फ्यू’ तर चक्क ‘बरेच’ या अर्थाने वापरतात.

प्रतिसाद ३:
‘ट्रेस’ वेगळा काढावा, कारण तो पारिभाषिकही आहे. अमेरिकेतील हवामानाच्या नोंदींत पाऊस पडला, पण ०.०१ इंचापेक्षा कमी, तर ‘ट्रेस’ असे लिहितात. मात्र ‘ट्रेस’ म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये: पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे केवळ १० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण अब्जात दहा भाग, इतकी आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग ‘नेक्स्ट टु नथिंग’ कोणत्या गटात मोडतो?

प्रतिसाद १:
तो होकारार्थी वाक्यात येऊन नकाराकडे झुकतो. ‘ही नोज नेक्स्ट टु नथिंग’ म्हणजे त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. त्यामुळे त्या वाक्यात आणखी एक ‘नॉट’ घालू नये.