ताउबरच्या काठाने सायकल

जर्मनीतल्या रोथेनबुर्गला फक्त तटबंदी बघून परत फिरायचं का, की आई-बाबांना घेऊन सायकलही चालवता येईल, असं तुम्ही विचारलंय. जरूर चालवा! ताउबर नदीच्या काठाने वेर्टहाइमपर्यंत जवळपास १०० किमीचा सायकलमार्ग आहे. तिथे ताउबर माइन नदीला मिळते. रोथेनबुर्गहूनच निघा, म्हणजे नदीच्या प्रवाहाबरोबर जाता येतं आणि एकूण उतारच लागतो. मात्र गावातून डेटवांगकडे उतरताना उतार चांगलाच तीव्र आहे, ब्रेक आधी तपासून घ्या.

क्रेग्लिंगेनला घाई करू नका. गावाबाहेरच्या छोट्या चर्चमध्ये रीमनश्नायडर या जुन्या जर्मन शिल्पकाराने लिंडनच्या लाकडात कोरलेली मेरीची वेदी आहे. रंग अजिबात नाही, नुसतं लाकूड, आणि तरी वस्त्रांची एकेक चुणी जिवंत वाटते. मी तिथे अर्धा तास नुसती बसून होते.

पुढे वायकर्सहाइमचा राजवाडा आणि त्याची बाग. आई-बाबा थकले तर इथून वेर्टहाइमपर्यंत रेल्वेही आहे, म्हणून पहिला मुक्काम वायकर्सहाइमलाच ठेवा. ई-बाईक मात्र आधीच बुक करा.