गाणी नकोत, मधलं वाजलेलं सांगा

परवा कपाट आवरायला काढलं होतं, कानात इयरफोन, मोबाईल आपल्या मनाने एकामागून एक काहीतरी लावत होता आणि माझं अजिबात लक्ष नव्हतं. मध्येच एक व्हायोलिन सुरू झालं आणि मी अर्धी घडी घातलेली चादर हातात धरून तशीच उभी. दोन-तीन सुरांतच घसा दाटला, पण हे कुठलं ते काही आठवेना. बघितलं तर शिंडलर्स लिस्ट. १९९३ चा सिनेमा, पाहून कित्येक वर्षं झाली, गोष्ट पण अर्धीमुर्धीच आठवते, तरी इत्झाक पर्लमनचं ते व्हायोलिन कुठेतरी आत जपून ठेवलेलं होतं. जॉन विल्यम्सने स्वतःच सांगितलेला किस्सा आहे, सिनेमा पहिल्यांदा बघून तो स्पीलबर्गला म्हणाला की तुला माझ्यापेक्षा चांगला संगीतकार पाहिजे याला, तर स्पीलबर्ग म्हणाला, माहितीय, पण ते सगळे वारलेत.

तर तुमचंही असं काही असेल तर लिहा. अट एकच, गाणी नकोत. गाण्यांवर आपण जन्मभर बोलतोच. पार्श्वसंगीत, थीम, टायटल्सला वाजतं ते, दोन संवादांच्या मध्ये वाजतं ते. आणि नुसती नावांची यादी नको हं, कधी ऐकलं, काय झालं, ते सांगा.

*

माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. पाय सरळ उचलून धरायचा, दहा आकडे मोजायचे, खाली, परत वर. आकडे मोजले की जास्त दुखतं हा माझा अनुभव आहे, कारण सात आणि आठच्या मध्ये माणूस म्हातारा होतो. म्हणून मी संगीतकार एन्निओ मॉरिकोने लावायला लागलो. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) मध्ये शेवटी तो माणूस कबरींमधून सोनं शोधत वेड्यासारखा पळत सुटतो तिथलं. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर आहे. आधी पियानो गरगरतो, मग एडा डेलोर्सोचा आवाज येतो, शब्द एकही नाही, नुसता आवाज, आणि तो वर वर चढत जातो. ती आली की माझा पाय वर, ती श्वास घेईल तेव्हा खाली. पहिले पंधरा दिवस ती मला पुरून उरली, त्यानंतर बरोबरी. आता गुडघा ठणठणीत आहे पण ते वाजलं की उजवी मांडी आपोआप ताठ होते, चारचौघांत सुद्धा.

त्याच सिनेमाची ती प्रसिद्ध कोल्हेकुईसारखी धून तर सगळ्यांना माहितीय, पण नीट ऐका, तीच धून तिघांना वेगवेगळ्या आवाजात दिलीय, एकाला बासरी, एकाला ऑकरिना (छोटं फुंकून वाजवायचं वाद्य) आणि तिसऱ्याला चक्क माणसांचे गळे. हे मला व्यायामाच्या नादात कळलं, सिनेमा चार वेळा बघून कळलं नव्हतं.

*

मी भित्री आहे हे आधीच सांगते. सायको (१९६०) मी पहिल्यांदा आवाज बंद करून बघितला, घरात सगळे झोपलेले आणि इयरफोन सापडेना म्हणून. त्या न्हाणीघरातल्या सीनला मला चक्क हसू आलं, पडदा, हात, सुरी, पाणी, परत हात... म्हटलं याला लोक घाबरले? दुसऱ्या दिवशी भरदुपारी आवाजासकट तेवढाच तुकडा लावला आणि लॅपटॉप धाडकन मिटला. मग वाचलं की हिचकॉकला आधी तिथे संगीत नकोच होतं! बर्नार्ड हरमनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. अख्ख्या सिनेमात फक्त तंतुवाद्यं आहेत, व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, बस्स. आदल्या आठवड्यात ज्या वाद्याने आपण रडलो तेच वाद्य अशी किंचाळी फोडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

*

नियम मोडत नाहीये, हे गाणं नाही. शोले. ती वरच्या व्हरांड्यात एकेक दिवा मालवत जाते आणि हा समोर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. पंचमचं संगीत, माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. माझ्या बाबांना हे एवढंच वाजवता यायचं. दुसरं काही वाजवा म्हटलं की म्हणायचे, एकच येतं पण नीट येतं. नीट पण येत नव्हतं खरं तर, चौथ्या सुराला त्यांच्या माउथ ऑर्गनची पट्टी अडकायची आणि तिथे नुसता फुस्स करून वारा यायचा. आता तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी कधीमधी फुंकून बघतो, फुस्स अजून तिथेच आहे.

*

मी मदत मागायला आलेय. लहानपणी कुठेतरी पाहिलेला एक काळापांढरा सिनेमा, इंग्रजी, नाव गाव काही माहीत नाही. शेवटी लांबच लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूला बोडकी झाडं, पानं गळतायत, एक बाई लांबून चालत येते, येतच राहते, एक माणूस तिची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा. आणि या सगळ्यावर एकच तंतुवाद्य वाजतंय. गिटार नाही, सतार नाही, संतूर तर नाहीच. धून अशी की धड आनंदी नाही, धड दुःखी नाही, जणू कुणी खांदे उडवतंय. कुणाला काही सुचतंय का?

*

पथेर पांचाली (१९५५). रविशंकरांकडे वेळ नव्हता म्हणून सगळं संगीत एका रात्रीत रेकॉर्ड झालं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मला सांगायचंय ते वेगळं. वडील बऱ्याच दिवसांनी घरी येतात, एकेक आणलेली वस्तू दाखवतात, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतात, आणि मुलगी तर गेलेली असते. आई साडी दाताखाली धरून फुटते. तिचं तोंड उघडं दिसतं पण रडणं ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजते, वरच्या पट्टीत, राग पटदीप. सत्यजित रायनी रडणं काढून टाकलं आणि तिथे सूर ठेवला.

हे पाहिल्यानंतर काही वर्षांनी माझ्या गाण्याच्या बाईंनी पटदीप शिकवायला घेतला. तिसऱ्या प्रहरचा राग, कोमल गंधार, बाकी सगळे शुद्ध, सोप्पंय म्हणाल्या. निषादावरून वरच्या षड्जाला गेले आणि आवाज फुटला. बाई म्हणाल्या पट्टी जास्त होतेय का. मी हो म्हटलं, काय सांगणार. पट्टी उतरवून पण तेच झालं. शेवटी वर्षभर पटदीप बाजूला ठेवून भीमपलास घेतला.

*

सगळे इतकं छान लिहितायत की विरोधी सूर लावायला लाज वाटतेय, पण लावतो. सिनेमातलं संगीत सिनेमातून उचलून वेगळं ऐकणं मला पटत नाही. ते चित्रासाठी शिवलेलं असतं, माणसाशिवाय कोट ऐटीत काय फिरवायचा? आणि हल्ली तर पार्श्वसंगीताचा इतका मारा असतो की पात्र काय बोलतंय ते ऐकू येत नाही, कुणी दार उघडलं तरी ढॅण, बंद केलं तरी ढॅण. मी कुठे रडायचं हे मला व्हायोलिनवाल्याने सांगू नये. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' मध्ये जवळजवळ संगीतच नाही, आणि त्या हॉटेलच्या खोलीत दाराखालच्या फटीतून सावली दिसते तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. म्हणजे जमतं की त्याच्याशिवाय.

(आता प्रामाणिकपणे: जॉजचे ते दोन सूर मला आजही पोहायला गेलो की ऐकू येतात. तलावात. जिथे शार्क सोडा, बेडूक पण नाही.)

*

वरच्या कोटवाल्यांना उत्तर. कोट नेहमी माणसाच्या मापानेच शिवतात असं नाही, कधीकधी कोट आधी येतो! 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' च्या वेळी मॉरिकोनेने धुना आधीच करून दिल्या आणि दिग्दर्शक सेर्जिओ लिओनेने त्या शूटिंगला सेटवर लावल्या, नट त्या तालावर चालले. ई. टी. च्या शेवटाला उलटं, विल्यम्सला चित्राच्या मापात वाजवणं जमेना तेव्हा स्पीलबर्गने पडदा बंद केला, म्हणाला तुला हवं तसं वाजव, आणि नंतर चित्र त्या संगीतावर कापलं. जोकर मधला तो संडासातला नाच, तोही हिल्डर गुडनाडोटिरच्या आधीच करून ठेवलेल्या चेलोवर झाला. तर मग आता कोण कुणासाठी?

ढॅण बद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

*

मी जहाजावर इंजिनरूममध्ये असतो. तिथे कायम एक घुमणारा आवाज असतो, कानाला नाही तर छातीला ऐकू येतो, सुट्टीवर घरी आलो की पहिले दोन दिवस तो नाही म्हणून झोप लागत नाही. इंटरस्टेलर मी केबिनमध्ये एकट्याने पाहिला आणि तो ऑर्गन सुरू झाल्यावर पहिल्यांदा वाटलं खालची मशिनरी काहीतरी वेगळी वागतेय, उठून बसलो. लंडनच्या टेम्पल चर्चमधला खरा पाइप ऑर्गन आहे तो, हजारो नळ्या, त्यात हवा भरावी लागते, म्हणजे श्वास घेतल्याशिवाय ते वाद्य बोलत नाही. संगीतकार हान्स झिमरला दिग्दर्शक नोलनने सिनेमा काय आहे ते सांगितलंच नव्हतं, अंतराळ वगैरे काही नाही, एक कागद दिला, त्यात फक्त बाप आणि मूल. त्यावर त्याने पहिली धून केली.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला फोनवर एवढंच म्हटलं की हे ऐकलं की तुझी आठवण येते. पुढच्या बंदरावर नेटवर्क मिळालं तर तिचं रेकॉर्डिंग येऊन पडलेलं, कीबोर्डवर तीच धून, एका बोटाने. मध्ये एका जागी ती थांबते, पुढची पट्टी शोधते, पुटपुटते 'नाही नाही', चुकीची दाबते, मग बरोबर सापडते. ती आता सतरा वर्षांची आहे आणि दोन्ही हातांनी फार सफाईने वाजवते. मी मात्र जुनंच ऐकतो, आणि त्या 'नाही नाही' ला पोचलो की मीही तिच्याबरोबर पट्टी शोधतो.

*

मला तमिळ येत नाही, मल्याळम येत नाही, इलयराजा पूर्ण कळतो. एवढंच लिहायचं होतं. (पार्श्वसंगीताला वेगळा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला त्यांनाच मिळाला, पळशी राजा या मल्याळम सिनेमासाठी, हे पण लिहून ठेवते.)

*

आमच्या वेळी असलं संगीत वेगळं मिळायचं कुठे? गाण्यांच्या कॅसेट मिळत, हे नाही. इत्तेफाक (१९६९) टीव्हीवर लागणार होता, एकही गाणं नसलेला सिनेमा, पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. मी टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून टीव्हीच्या स्पीकरला चिकटवला, घरातल्या सगळ्यांना तंबी दिली की हूं की चूं नाही. आजी म्हणाली मी तर बोलतच नाही. आणि बरोब्बर, नायक अंधारात उभा, मागे ते दबकत वाजतंय, आणि आजी खोकली. दोनदा. नंतर हळूच म्हणाली, 'गेलं वाटतं तुझं.' हे पण टेप झालंय.

तेव्हा मी फार चिडलो होतो. ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. आता तो सिनेमा हवा तेव्हा स्वच्छ आवाजात बघता येतो, बघतो पण, आणि त्या जागेला आलो की काहीतरी वगळलंय असं वाटतं. दोनदा खोकला आणि एक वाक्य, तेवढी जागा मोकळी ऐकू येते.

*

त्या लांब रस्तावाल्या ताई अजून आहेत का? तुमचा सिनेमा 'द थर्ड मॅन', १९४९, दिग्दर्शक कॅरल रीड. वाद्य झिथर (तारा छेडून वाजवतात ते), वाजवणारा अँटॉन करास, व्हिएन्नातला. अख्ख्या सिनेमाला तेवढं एकच वाद्य आहे, ऑर्केस्ट्रा नाहीच. मधे एक मांजर येतं, अंधारात दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बुटाशी घुटमळतं, तिथेही तेच वाजतं. ऐकून सांगा हेच का.

*

हेच हेच हेच!! तीन सेकंदांत कळलं. आत्ता शेवट लावून पाहिला, फोन हातात थरथरत होता अक्षरशः. ती येते, येते, येते आणि त्याच्याकडे न बघता सरळ पुढे निघून जाते, आणि तो सिगरेट पेटवतो. दादाचं म्हणणं की ती थांबते, शेवटी त्याच्याजवळ थांबते, मी म्हणत होते नाही थांबत. पंचवीस वर्षं भांडतोय आम्ही यावर. थांबा, त्याला फोन लावते.